लांबचा जोडीदार

१

त्या दिवशी ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता. ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं आभाळ, पांढुरकं, कुठं रेघ नाही की डाग नाही. वारा म्हणाल तर पान हलवण्याइतकाही नाही. अशा दिवशी सावल्या पडत नाहीत. माणूस चालतो, पण त्याच्या पायाशी काही चालत नाही. काचबाबांनी हे फाटकातून आत शिरताना पाहिलं आणि लगेच विसरलेही, कारण त्यांच्या डोक्यात आदल्या दिवसापासून राग होता. राग घरभर पसरणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. तो आला की बाकीच्यांना पाय पसरायला जागा राहत नाही.

तसा हा माणूस रागाचा नव्हे. एकतीस वर्षं वेधशाळेच्या तळघरात काम केलं, पण वरच्या मजल्यावर कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. आकडे ओळखायचे, सही करायचे, बस्स. काम होतं काचा सांभाळण्याचं, म्हणून काचबाबा. खरं नाव कचेरीतल्या कागदावर होतं, आणि कागद कोण वाचतो?

काचा म्हणजे आभाळाचे फोटो. पूर्वी दुर्बिणीला काच लावून तारे टिपत. काचेच्या एका बाजूला पातळ मसाला, त्याच्यावर छबी उमटायची. दुसरी बाजू कोरी. छबी उलटी असते, म्हणजे आभाळ पांढरं आणि तारे काळे, खसखस सांडल्यासारखे. अशा नऊ हजार काचा तळघरातल्या लाकडी मांडण्यांवर, त्यांना तिथं घोडे म्हणत, कागदी पाकिटांत, शाळेतल्या मुलांसारख्या ओळीनं उभ्या होत्या. कुठली कुठं, हे वहीत बघावं लागायचं. काचबाबांना लागत नसे.

आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना वर बोलावून सांगितलं होतं, "बाबा, सगळ्या काचा आता स्कॅन करायच्यात. त्याआधी वरच्या शाईच्या खुणा पुसून टाका. स्पिरिट घ्या, फडकं घ्या. शुक्रवारपर्यंत व्हायला पाहिजे."

त्या खुणा काचबाबांच्या होत्या.

२

आता या खुणा कसल्या, ते सांगायला हवं.

तळघराच्या कोपऱ्यात एक यंत्र होतं. त्याला सगळे टिकटिक्या म्हणत. आभाळाच्या एकाच तुकड्याच्या दोन काचा घ्यायच्या, एक जुनी, एक तीस-चाळीस वर्षांनंतरची. दोन्ही शेजारी शेजारी लावायच्या, भिंगाला डोळा लावायचा आणि खटका दाबत राहायचं. टिक, जुनी काच दिसते. टिक, नवी. जे तारे लांबचे ते जागचे हलत नाहीत. जो तारा आपल्या जवळचा, तो एवढ्या वर्षांत केसभर सरकलेला असतो. खटका दाबला की तो जागच्या जागी उडी मारतो, टिचकी मारलेल्या मुंगीसारखी.

काचबाबांना हे ज्यांनी शिकवलं ते मोठे साहेब केव्हाच वारले. ते म्हणायचे, "बाबा, एक तारा उडी मारताना दिसला ना, की थांबायचं. सगळ्या काचेवर शोधायचं, की अजून कोणी तेवढीच उडी, त्याच दिशेला मारतंय का. मारत असेल तर तो त्याचा जोडीदार. मग तो कितीही लांब असो."

"आणि मधे दुसरे तारे असले तर?"

"असू देत. गर्दीत कोण कोणाचा, हे जवळ उभं राहण्यावरून ठरत नाही, बाबा. चालण्यावरून ठरतं."

हे वाक्य काचबाबांनी उराशी धरलं. दुपारी काम नसलं की ते टिकटिक्यापाशी बसायचे. जोडीदार सापडला की कोऱ्या बाजूवर बारीक टाकानं शाईचं कडं काढायचे. मोठे साहेब येऊन बघत, मोजत, वहीत घेत. ते गेले आणि वहीत घेणारं कोणी राहिलं नाही. काचबाबा मात्र कडी काढत राहिले. विहीर आटली म्हणून पोहऱ्याची सवय थोडीच जाते?

त्यातलं एक कडं त्यांना सगळ्यांत जवळचं होतं. एक लहानसा तारा, मोठे साहेब त्याला लाल म्हणायचे, आणि त्याचा जोडीदार पार काचेच्या दुसऱ्या टोकाला. तीन काचांत बघितलं, तिन्हींत दोघं सारखेच सरकलेले. नऊ वर्षं ते साहेबांना सांगत होते. आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं.

"साहेब, पुसतो मी. पण ते एक तेवढं वहीत घ्या. नाव कुणाचंही घाला."

साहेब हसले. "बाबा, त्या दोघांच्या मधे अर्धं आभाळ आहे. एवढ्या लांबचा कसला जोडीदार? योगायोग असतो."

"तिन्ही काचांत?"

"तुमचा डोळा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण डोळा म्हणजे पुरावा नव्हे. आता यंत्र बघेल."

"मग माझ्या खुणा राहू द्या की. यंत्राला काय करतात त्या?"

"यंत्राला त्या तारे वाटतात," साहेब म्हणाले, "म्हणून तर पुसायच्या."

काचबाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच साहेब विद्यार्थी असताना एक दिवस काच उलटी लावून बसला होता आणि "बाबा, अख्खं आभाळ फिरलं!" म्हणून जिना चढत ओरडत सुटला होता. त्याला हाताला धरून खाली आणला तो काचबाबांनीच. "आभाळ नाही फिरलं, काच फिरली. कोरी बाजू वर, मसाला खाली. उलटी केली की डावं ते उजवं होतं. आधी बाजू बघायची, मग बाकीचं." कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि आज तोच शहाणपण शिकवतो!

राग त्यांनी गिळला. पण गिळलेला राग पचतो थोडाच?

३

तर त्या बिनसावलीच्या सकाळी ते स्पिरिटची बाटली घ्यायला वर गेले. साहेबांची खोली रिकामी होती. भिंतीवर वेधशाळेच्या लोकांचा फोटो होता, नऊ वर्षांपूर्वीचा. पुढच्या पायऱ्यांवर सगळे ओळीनं उभे. हा फोटो रोज दिसायचा, आणि आपण त्यात आहोत हे काचबाबांना ठाऊक होतं, म्हणून ते कधी थांबून बघत नसत. स्वतःला काय बघायचं?

आज थांबले. साहेब मधोमध, हसतायत. टायपिस्ट बाई, माळी, पहारेकरी. काचबाबा नव्हते.

त्यांनी चष्मा पुसला, बोट लावून एकेक चेहरा मोजला. मग कळलं. फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट होती आणि तिनं दोन्ही टोकं झाकली होती. काचबाबा टोकाला उभे होते, पावसाळी पाण्याच्या नळापाशी, गर्दीपासून चार हात दूर. "बाबा, तुम्ही जरा तिकडे सरका," असं कोणीतरी म्हणालं होतं, ते त्यांना आठवलं. म्हणजे नऊ वर्षं ते पुठ्ठ्याखाली होते.

"पुसा म्हणे," ते स्वतःशीच पुटपुटले. "पुसायला राहिलंय काय?"

बाटली घेऊन दाणदाण जिना उतरले. त्या फोटोची काच खाली असणार हे त्यांना माहीत होतं, कारण मोठ्या साहेबांच्या हट्टापायी ते गटाचे फोटोही जुन्या पद्धतीनं काचेवरच निघायचे. दर अकरा वर्षांनी एक. अंगणात कॅमेऱ्यासाठी लोखंडी खांब रोवलेला होता, त्यामुळे जागा तीच, अंतर तेच, पायऱ्या त्याच. मोठे साहेब गेल्यावरही रीत म्हणून शेवटचा तसाच काढला होता.

तीन काचा निघाल्या. एक काचबाबा लागले त्या वर्षीची, एक मधली, एक शेवटची. त्यांनी त्या उजेडाच्या टेबलावर ठेवल्या. छब्या उलट्या, चेहरे काळे, केस पांढरे. चेहऱ्यावरून पटकन कोणी ओळखू येईना. नळावरून मात्र त्यांनी स्वतःला शोधून काढलं. डाव्या टोकाला, हात लोंबत सोडलेले, टोपी घातलेली.

"आहे म्हणायचं," ते म्हणाले. "काचेवर तरी आहे."

आणि मग, रागाच्या भरात म्हणा, गंमत म्हणून म्हणा, त्यांनी पहिली आणि मधली काच टिकटिक्यात चढवली. दोन्ही काचांतले पायऱ्यांवरच्या ओसरीचे खांब एकमेकांवर बसवले. भिंगाला डोळा लावला.

४

टिक. टिक.

पायऱ्या आणि खांब जागचे हलले नाहीत. माणसं मात्र उडत होती, कोणी इकडे कोणी तिकडे. अकरा वर्षांत निम्मी माणसं बदललेली, उरलेली कुठंही उभी राहिलेली. काचबाबांना हसू आलं. मग त्यांनी भिंग डावीकडे नेलं आणि स्वतःला पाहिलं. टिक. ते एक पायरी खाली आणि वीतभर डावीकडे सरकले होते.

आणि सवय वाईट. एकजण उडी मारताना दिसला की थांबायचं, सगळ्या काचेवर शोधायचं, तेवढीच उडी अजून कोण मारतंय.

त्यांनी भिंग सावकाश उजवीकडे नेलं. मधली गर्दी गेली. साहेब लोक गेले. उजवं टोक आलं.

तिथं एक माणूस उभा होता. टोपी घातलेला, हात लोंबत सोडलेले, गर्दीपासून चार हात दूर. टिक. एक पायरी खाली, वीतभर डावीकडे.

काचबाबांनी डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. मग डोकं चालवायला लागले. धूळ असेल. पण धूळ दोन काचांवर टोपी घालून बसत नाही. आरशासारखं काही असेल, मागच्या दाराच्या काचेत आपलंच बिंब पडलं असेल. पण बिंब उलटं चालतं. आपण डावीकडे गेलो की ते उजवीकडे जायला हवं. हा तर आपल्याबरोबर डावीकडेच आलेला. मग कामावरचाच कोणी असेल. त्यांनी पहिल्या काचेवरच्या माणसांची एकेक करून नावं घेतली. बावीस माणसं, बावीस नावं. तेविसावे ते स्वतः. चोविसाव्याला नाव नव्हतं.

मग त्यांनी मधली आणि शेवटची काच चढवली. टिक. काचबाबा एक पायरी वर, हातभर उजवीकडे. उजवं टोक. टिक. एक पायरी वर, हातभर उजवीकडे.

तिन्ही काचांत असलेला माणूस आख्ख्या वेधशाळेत एकच होता, तो म्हणजे ते. आणि हा.

शेवटच्या काचेवर आणखी एक गोष्ट होती, ती त्यांना लगेच दिसली नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. त्या माणसाचा मात्र एकच कान दिसत होता. सगळ्या गर्दीवरून तो डावीकडे बघत होता.

काचबाबांनी टाक घेतला, शाईत बुडवला, आणि तिन्ही काचांवर, कोऱ्या बाजूवर, उजव्या टोकाच्या माणसाभोवती बारीक कडं काढलं. मग त्या लाल ताऱ्याची काच पाकिटातून काढून त्यांनी शेजारी ठेवली. उद्या साहेबांना ओढून आणायचं. हे दाखवायचं, मग ते दाखवायचं. बघू मग कसा योगायोग म्हणतात!

५

घरी जाताना ते भराभर चालले. जवळचं त्यांना सुईच्या टोकाएवढंही दिसायचं, पण रस्त्यापलीकडचं सगळं धुकं. लांबची नजर पहिल्यापासूनच अधू होती. मागं वळून बघून तरी काय दिसणार? तरी दोनदा वळून बघितलं. रस्ता, माणसं, सायकली, आणि लांब एका ठिकाणी न हलणारं काहीतरी. काचबाबा थांबले की तेही थांबलेलं. झाड असेल.

घराला लागून शिंप्याचं दुकान होतं. शिंपी दारातच मशीन लावून बसायचा, तोंडात टाचण्या आणि टाचण्यांतूनच बोलणं.

"या काचबाबा! डोळे घेऊन आलात, की आजही तिकडंच विसरलात?"

"घेऊन आलोय," काचबाबा म्हणाले. "त्यांचा तर ताप आहे."

"आणि पाहुण्यांना बाहेरच ठेवलंत?"

"कुठले पाहुणे?"

शिंप्यानं टाचणी काढून रस्त्याच्या टोकाकडे दाखवली. तिथं दिव्याचा खांब होता आणि त्याच्या बुडाशी कचऱ्याची पेटी. "ते काय तिकडं. तुम्ही आलात की येतात, उभे राहतात. मी म्हटलं भाऊबंदकीचं काहीतरी असेल, आपण कशाला बोला?"

काचबाबांनी डोळे बारीक केले. खांब दिसला. खांबाशेजारी आणखी एक खांब होता, बुटका.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"मी दुकान टाकलं तेव्हापासूनच म्हणा ना," शिंपी म्हणाला आणि मशीन फिरवायला लागला.

आत बायको ओट्यापाशी होती. पाठ न वळवता म्हणाली, "हात धुवा आधी, मगच बसा." ते काचांच्या कामाला लागल्यापासून रोज हेच पहिलं वाक्य. काचेच्या मसाल्याचा वास तिला सहन व्हायचा नाही.

त्यांनी हात धुतले. खिडकी लावून घेतली.

"एवढं उकडतंय आणि खिडकी कसली लावता?"

"असू दे."

"आज आवाज चढलाय तुमचा. कोणावर रागावलात?"

"मी कशाला रागावतोय?" ते खेकसले.

६

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. काचबाबा ठरल्या वेळेआधी पोहोचले, पण तळघराचं दार उघडं होतं. आत साहेब होते. बाह्या दुमडलेल्या, हातात फडकं, खोलीभर स्पिरिटचा वास.

"या बाबा! म्हटलं तुम्हाला जिवावर आलंय, आपणच सुरुवात करून द्यावी. हे बघा, पाऊण तासात एक आख्खा घोडा साफ. तुम्ही महिना लावला असता."

काचबाबा टेबलाकडे बघत होते. लाल ताऱ्याची काच उजेडावर पडली होती, लख्ख. नऊ वर्षांचं कडं गेलेलं. तिच्याशेजारी गटाच्या तीन काचा, त्याही लख्ख.

"ती... ती मी तुम्हाला दाखवायला ठेवली होती, साहेब."

"हो, ते विचारायचंच होतं. गटाच्या फोटोवरसुद्धा शाई? काय बाबा, आता माणसांतही तारे शोधायला लागलात का?" साहेब मोठ्यानं हसले, मनापासून, आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बाकीचे तुम्ही करा. चहा घेऊन येतो."

पावलं जिन्यावरून वर गेली.

काचबाबा उभेच होते. एकतीस वर्षांत जे जे गिळलं होतं ते सगळं घशाशी आलं. पुठ्ठ्याखालचं तोंड, खांद्यावरची थाप, "जरा तिकडे सरका", "योगायोग", "यंत्राला तारे वाटतात". साहेबाच्या अंगावर हात टाकावा असं वाटलं, पण तो वर गेला होता, आणि खाली कोणी नव्हतं. कोणी म्हणजे काचेतला तो एक सोडून. तो होता. एकतीस वर्षं मागं लागलेला, बिननावाचा, फुकट फोटोत उभा राहिलेला. आपण धक्के खाल्ले, आपण सरकलो, आणि हा मेला आरामात बरोबर सरकत आला!

"थांब," काचबाबा दात खाऊन म्हणाले. "तुला पुसतो. पुसायचंच आहे ना सगळ्यांना? तुला आधी पुसतो."

पाकिटं कापायचं पातं त्यांनी खणातून काढलं. कोऱ्या बाजूवर घासून छबी जात नाही, मसाला खरवडायला हवा, म्हणून काच उचलली आणि मसाला वर करून टेबलावर आपटली. उजवं टोक. टोपी, लोंबते हात, काळा चेहरा. त्यांनी पातं लावलं. करकर असा आवाज झाला, दातांत कळ आणणारा. मसाल्याचे काळे तुकडे सुटले. टोपी गेली, तोंड गेलं, हात गेले. दुसरी काच. करकर. तिसरी. रागाला एकानं भागत नाही. तिसऱ्या काचेवर तर त्यांनी पायरीसुद्धा खरवडली.

मग धाप लागली. फुंकर मारून भुसा उडवला. हलकं वाटलं, फार हलकं, अंगातून काही उतरवून ठेवल्यासारखं.

हातानं सवयीनं काच उलटी केली, कोरी बाजू वर, आणि टिकटिक्यात बसवली. शेवटची आणि मधली. खांबांवर खांब. भिंगाला डोळा.

टिक. टिक.

नळ डावीकडे होता. नळाशेजारची जागा पांढरी होती, खरवडलेली, रिकामी.

काचबाबा कितीतरी वेळ खटका दाबत राहिले. टिक, पांढरं. टिक, पांढरं. आधी बाजू बघायची, मग बाकीचं. वीस पोरांना शिकवलं होतं हे. शाईचं एक कडं असतं, नुसतं एक कडं, तर हात थांबला असता.

भिंग उजवीकडे न्यायची इच्छा नव्हती, पण हात गेला. गर्दी गेली. टोक आलं.

तो होता तिथं. पण आता कान दिसत नव्हता. सगळ्यांसारखा तो समोर बघत होता, कॅमेऱ्याकडे.

७

ते जिना चढून वर निघाले. मधल्या वळणावर साहेब चहाचे दोन कप घेऊन उतरत होते. काचबाबा भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट दिली. साहेबांनी मान वर केली नाही. चहा सांडू नये म्हणून असेल.

साहेब तळघरात शिरले आणि खालून त्यांचा आवाज आला, "झालं का, बाबा? वा! आता कसं शहाण्यासारखं!"

कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. आवाज सौम्य होता, अजिबात चढलेला नाही.

काचबाबा थांबले नाहीत. फाटकापाशी पहारेकऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, जसं फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघतात तसं. दिवसभर ते कुठं हिंडले, कुठल्या बाकावर बसले, ते त्यांना नंतर आठवेना. एवढंच कळत होतं की पाय एका ठिकाणी टिकत नाहीत, काहीतरी ओढल्यासारखे थोडे थोडे सरकतात, आणि राग कुठं गेला ते सापडत नाही. खिशात चाचपडावं तसं त्यांनी मनात चाचपडून बघितलं. नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. निदान तो तरी आपला होता.

पाच वाजता वेधशाळेचं फाटक उघडलं. टोपी घातलेला एक म्हातारा बाहेर पडला आणि घराच्या रस्त्याला लागला, सावकाश, हात लोंबत सोडून. काचबाबा त्याच्या मागं निघाले. त्यांनी पाय उचलले तर तोही तेवढाच पुढं गेला. ते पळाले. अंतर केसभरही कमी झालं नाही. ते थांबले नव्हते, पण तो शिंप्याशी बोलायला थांबला आणि त्यांचे पाय दिव्याच्या खांबापाशी थांबले. पुढं एक पाऊल टाकता येईना.

इतक्या लांबचं त्यांना कधी दिसत नसे. आज दिसत होतं. घराचं दार उघडलं, म्हातारा आत गेला, खिडकीत दिवा लागला. आणि आतून, अगदी स्पष्ट, बायकोचा आवाज आला.

"हात धुवा आधी, मगच बसा. आणि आज कसे काय, हसताय?"

काचबाबांनी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात शिंपी दुकानातून उठला आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन कचऱ्याच्या पेटीकडे चालत आला. गाठोडं पेटीत टाकलं, हात झटकले, तोंडातल्या टाचण्या काढून सदऱ्याला लावल्या. मग त्यांच्याकडे जरा निरखून, जरा कीव करून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"अहो, इतकी वर्षं बघतोय, इथंच लांब उभे राहता. एकदा जवळ या की. काचबाबा फार गरीब माणूस आहे, त्यांना रागावलेलं म्हणून कोणी पाहिलं नाही. आत्ताच आलेत घरी. सांगू का त्यांना, तुम्ही आलाय म्हणून? नाव काय सांगू?"